शून्याचा फोटो

इवासे बेटावरच्या शाळेत आम्ही सहा जण,
आमच्यानंतर प्रवेश बंद.
एप्रिलमध्ये कुरामोची बाई आम्हाला घेऊन
धक्क्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर आल्या,
फोटो काढायला. गणिताचा तासही तिथंच उरकला.

पहिल्या जागी कोण? सहांपैकी कुणीही.
दुसऱ्या जागी? उरलेल्या पाचांतलं कुणीही.
मग चार, मग तीन, मग दोन,
मग मी.
शेवटच्या जागेला कुणी विचारत नाही,
जो उरला तो उभा राहतो.
सहा गुणिले पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन,
सातशेवीस, चिनात्सु म्हणाली.
"गुणिले एक कुठं गेलं?"
त्यानं काय फरक पडतो, बाई?
"काही नाही. पण उभा आहे ना तो?"

सहाच्या पुढे त्यांनी उद्गारचिन्ह काढलं,
ओल्या दगडावर, खडूनं.
गेन्झो हसला. आकड्याला एवढं आश्चर्य कसलं?
"दहापर्यंत जा. मग सांग."

भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पाठीवर
त्यानं दहाचं क्रमगुणित हातानं केलं,
दोनदा चुकला, हातचा विसरला.
छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे.
एवढे सेकंद म्हणजे किती, म्हणून
साठनं भागलं, पुन्हा साठनं, मग चोवीसनं.
बेचाळीस दिवस. बाकी शून्य.
त्याचा बाप टूनाच्या बोटीवर गेला होता,
बेचाळीस दिवसांनी येतो म्हणून.
गेन्झो त्या दिवशी पुढं काही बोलला नाही.

आमच्या भाषेत क्रमगुणिताला म्हणतात काइजो,
पायऱ्यांचा गुणाकार.
पण लिहिलेलं न पाहता नुसतं ऐकलं
तर काइजो म्हणजे 'समुद्रावर' असंही होतं.
बाई दोन्ही वेगवेगळं लिहून दाखवायच्या.
आम्ही मुद्दाम गोंधळायचो.

चिनात्सु गेली नागासाकीला, मावशीकडे.
सातशेवीस भागिले सहा.
गेन्झो बापाच्या बोटीवर.
एकशेवीस भागिले पाच.
जुळ्या बहिणी एकाच फेरीनं गेल्या,
तरी बाई म्हणाल्या, भागाकार दोनदा करायचा,
एकीनंतर एक.
चोवीसचे सहा, सहाचे दोन.

हिसाए आणि मी.
ती डावीकडे, मी उजवीकडे, किंवा उलट.
दोन्ही करून पाहिलं.
उलट उभे राहिलो तेव्हा वारा तिच्या बाजूनं होता,
सगळे केस माझ्या तोंडावर.
बाईंनी तोच फोटो ठेवला.
नोव्हेंबरात तिच्या आईची बदली झाली.

मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी मला एकट्याला
पूर्ण भाषण ऐकवलं, "मुलांनो" म्हणत.
मी दाखला घेतला, पायऱ्या उतरलो.
खाली बाई उभ्या होत्या. "आता?"
शून्य, मी म्हणालो.
कुणीच नाही म्हणजे काहीच नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या चिडल्या.
"अंदाज नको. भाग."

एक भागिले एक.

मी फेरीबोटीवर दोर टाकतो आता.
हात खारानं फाटलेले असतात,
कागद धरताना बोटं पुसून घ्यावी लागतात.
परवा बाईंचं पाकीट आलं. आत एक फोटो.
त्याच पायऱ्या, त्याच उंचीवरून,
उन्हात, कुणी नाही.
कडेला एक मांजर असावं, किंवा सावली.
दुसऱ्या कुठल्या प्रकारे काढणार होत्या त्या हा फोटो?
पाठीमागे पेन्सिलीनं शून्य,
त्याच्यापुढे उद्गारचिन्ह, मग बरोबर एक.
चिन्ह इतकं दाबून काढलंय
की पुढून, तिसऱ्या पायरीवर,
बोट फिरवलं तर लागतं.